मागच्या उजव्या शॉकअपचा बोल्ट

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

काम : आमच्या गाडीचे, म्हणजे 'पांढरी'चे, मागचे दोन्ही शॉकअप (खड्ड्यांचे धक्के शोषणारे दांडे) बदलणे. मुदत : १९ डिसेंबर, वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतातला सण. त्या दिवशी अर्धं लातूर शेतात असतं. आमची पाच माणसं, आंबिलाची बिंदगी (घागर), भज्जीचं पातेलं आणि उंड्यांची टोपली औशाच्या पुढं कच्च्या रस्त्यानं न्यायची आहे. सध्या मागं दोघंच बसले तरी एका खड्ड्याला गाडी तीनदा झुलते. बिंदगी सांडली तर आई वर्षभर ऐकवेल.

गाडी २००६ ची, पेट्रोल, आण्णांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. रंगावरून घरात तिचं नाव पांढरी. गावाकडं या नावाला हसतात, कारण तिकडं पांढरी म्हणजे गाव आणि काळी म्हणजे शेत. आमची पांढरी वर्षातले चार महिने काळीत रुतलेली असते, तेव्हा हसणं रास्तच आहे.

गॅरेजात लग्नसराईची रांग लागलीय. शिवाय मी एकोणीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोय. चार बोल्ट सोडायला दुसऱ्याकडं कशाला जायचं, असं वाटलं. (हे वाक्य मुद्दाम इथं लिहून ठेवतोय.)

सकाळी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, जॅक चढवला, खाली घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी टेकू) दिल्या. विटांवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, हा आण्णांचा नियम. डावी बाजू चाळीस मिनिटांत झाली. वरचा नट निघाला, खालचा निघाला, बोल्ट दोन टोल्यांत बाहेर, नवा शॉकअप जागेवर. चहा झाला.

उजवी बाजू. वरचं टोक सुटलं. खालच्या नटाला १७ चा रिंग पाना लावला, जोर दिला, पाना सटकला आणि उजव्या हाताची तीन बोटं ब्रॅकेटवर खरवडून निघाली. पाना बारा कोनी आणि जुना. नटाचे कोपरे थोडे मारले गेलेत. पाण्यात हात धरला आणि दुकान बंद केलं.

२ डिसेंबर

सेलवाली मोठी बॅटरी घेऊन नीट बघितलं. शॉकअपच्या खालच्या टोकाला एक डोळा आहे. डोळ्यात रबरी बुश, बुशच्या पोटात लोखंडी नळी. हा डोळा ॲक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) ब्रॅकेटच्या दोन कानांमधे बसतो आणि १२ मिमीचा बोल्ट एका कानातून, नळीतून, दुसऱ्या कानातून पलीकडं जाऊन नटात अडकतो. डावीकडं हे सगळं नुसतं धुळीनं माखलेलं होतं. उजवीकडं ब्रॅकेटमधे काळ्या मातीचा गोळा घट्ट बसलाय. स्क्रूड्रायव्हरनं उकरला तर आतून अजून ओला. डिसेंबरात!

इथं लातुरात गंज कुठून आला, याचं उत्तर त्या गोळ्यात होतं. कोकणात खारी हवा असते, आपल्याकडं हवा कोरडी. २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेहून जलदूत रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा गाडी धुणं म्हणजे पाप होतं. त्या वर्षी पांढरीला थेंब लागला नाही. पण काळी माती पाणी धरून ठेवते, आणि यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीत शेताच्या रस्त्यावर गुडघाभर पाण्यातून आम्ही दोनदा गाडी काढली. चिखल उजवीकडं जास्त गेला, कारण तो रस्ता कडेला उजवीकडंच खचलेला आहे. गाडी आम्ही वरून धुतली. खालून कोण धुतंय?

तारेच्या ब्रशनं नट आणि आट्यांचं टोक घासलं. डब्ल्यूडी-४० मारलं. त्या नावाचा अर्थ 'पाणी हटवणारं, चाळीसावा प्रयत्न' असा आहे. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला ते तयार झालं. मूळ काम पाणी हटवून गंज रोखण्याचं.

३ डिसेंबर

सकाळी तेल. रात्री तेल. बाकी काही नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. क्लास दुपारनंतर.

सहा कोनी १७ ची गोटी (सॉकेट) आणली. बारा कोनी पाना कोपऱ्यांवर धरतो, सहा कोनी गोटी सपाट अंगावर. मारलेल्या कोपऱ्यांच्या नटाला हाच इलाज. खाली सरकलो, डोकं मागच्या बंपरकडं, आणि मांडीला रग लागेपर्यंत टॉमी (गोटी फिरवायचा दांडा) ओढली. काहीच नाही. दहा मिनिटांनी एकदम 'कट' असा आवाज आला.

तेवढ्यात फाटकातून शेजारचे मामा. एस.टी. आगारात वर्कशॉपला होते, आता निवृत्त. बाहेरून फक्त माझे पाय दिसत होते.

"काय करलालाव सर, खाली पडून?"

"नट सोडतोय मामा."

मामा उकिडवे बसले, मान वाकडी करून बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "सोडताय कुठं? आवळलालाव की."

खरं होतं. नट आतल्या बाजूनं आहे आणि मी बाहेरच्या, बोल्टच्या डोक्याच्या बाजूनं बघत पडलो होतो. घड्याळाचा काटा कुठून बघायचा, याचा हिशेब उलटा झाला होता. फिरण्याच्या दिशेचा उजव्या हाताचा नियम मी पोरांना फळ्यावर अंगठा दाखवून शिकवतो. मामांनी मात्र हसण्याऐवजी मान डोलावली. "बरं केलं. आधी जरा आवळायचं आन मग सोडायचं. गंज एका बाजूनं धरून बसतोय, दुसऱ्या बाजूनं हलवला की फुटतोय." आगारात हे रोज करायचे म्हणे. तो 'कट' म्हणजे गंज फुटल्याचा आवाज.

मग सुलट ओढलं. पाव फेरा सोड, अर्धा पाव आवळ, तेल, पुन्हा पाव फेरा. वीस मिनिटांत नट हातात. आटे जवळपास शाबूत.

आता बोल्ट काय, ठोकला की बाहेर. रविवारी संपवू.

७ डिसेंबर, रविवार

नाही संपलं.

नट उलटा करून बोल्टच्या टोकाशी सपाट येईपर्यंत परत चढवला, म्हणजे हातोडी आट्यांवर बसत नाही. वर पितळी तुकडा धरून ठोकायला सुरुवात केली. अंग वळवून मारायला जागा वीतभरच. टोला बसला की बोल्ट किंचित जातो आणि परत येतो. भिंतीवर चेंडू मारल्यासारखं.

मग डोक्याच्या बाजूनं फिरवून बघितलं. गोटीला नव्वद सेंटिमीटरचा पाईप घातला. इथं जरा थांबून हिशेब केला, कारण पाईप हे दुधारी हत्यार आहे. माझं वजन ६० किलो. पाव मीटरच्या पान्यावर सगळं टाकलं तर १५ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर) पीळ. पाईपवर तेच वजन ५४. आणि १२ चा, ८.८ ग्रेडचा (हा ताकदीचा दर्जा) बोल्ट साधारण आठ-साडेआठ किलो-मीटरला आवळतात. म्हणजे पाईपच्या टोकाला माझं निम्मं वजनही बोल्ट पिळून तोडायला जास्तच आहे. वर्गात हे गणित मी दोन ओळींत उडवतो. पाईप हातात असताना ते दंडात जाणवतं.

हळूहळू ओढलं. बोल्ट फिरला! जवळजवळ पाव फेरा. ओरडून घरात सांगितलं सुद्धा. ही बाहेर येऊन बघून गेली. पुन्हा ओढलं, पुन्हा पाव फेरा. असं सात-आठ वेळा. मग दोन फेरे झालेत असं धरून परत ठोकायला गेलो, तर बोल्ट सूतभर सरकलेला नाही.

संध्याकाळपर्यंत तेच. खांदा गेला. ही म्हणाली, "अमावस्येला एस.टी.नं जाऊ या का सरळ?" मी उत्तर दिलं नाही.

८ डिसेंबर

सकाळी क्लासला जाण्याआधी पाच मिनिटं काढली आणि जे काल पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. मुलीच्या कंपासमधलं व्हाइटनर घेतलं, बोल्टच्या डोक्यावर एक रेघ मारली आणि तीच रेघ पुढं ब्रॅकेटच्या कानावर ओढली. दुसरी खूण फटीतून दिसणाऱ्या नळीच्या काठावर.

पाईप ओढला. डोक्यावरची रेघ पाव फेरा गेली. नळीवरची खूणही तेवढीच गेली. पाईप सोडला. दोन्ही रेघा परत जागेवर.

म्हणजे काल दिवसभर मी बोल्ट फिरवत नव्हतो, रबर पिळत होतो. बोल्ट आणि नळी गंजून एक झालेत. नळी रबरात चिकटवलेली आहे. मी ओढलं की रबर पिळतं, सोडलं की उलगडतं. ठोकताना परत येणारा टोलाही त्याच रबराचा. सगळा जोर रबर खात होतं.

आणि तेल? आठवडाभर तेल मी नटाच्या आट्यांवर घालत होतो. आट्यांचा प्रश्न गुरुवारीच सुटला होता. चिकटलेली जागा बोल्टच्या अंगाभोवती, नळीच्या पोटात आहे. १२ मिमी व्यास, ३२ मिमी लांबी, हिशेब केला तर १२ चौरस सेंटिमीटर गंज. नळी दोन्ही कानांत दाबून बसलेली, त्यामुळं तेलाला आत शिरायला वाट नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. केसभर फटीत तो वाढला की पाचर मारल्यासारखं होतं.

पोरांना प्रयोगाच्या वहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' वेगळं लिहायला लावतो. काल मी थेट अनुमानच लिहिलं होतं.

१० डिसेंबर

संध्याकाळी मामा आले. सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "आगारात असतं तर गॅस लावला असता. लाल करायचा, दोन टोले, संपलं."

बरोबर आहे. नळी तापली की प्रसरण पावते. पोलादाचं गणित : दर अंशाला लांबीच्या दशलक्षात साधारण १२ भाग. ३०० अंशांनी तापवलं तर १२ मिमीचं भोक ०.०४ मिमीनं मोठं होईल. एवढंसं वाटतं, पण गंजाची पकड तोडायला पुरतं. शिवाय रबर जळून जाईल, म्हणजे जोर खाणारंच कुणी उरणार नाही.

अडचण एकच. बोल्टपासून दोन हातांवर पेट्रोलची टाकी आहे आणि त्याहून जवळून ब्रेकची नळी जाते. मामांनी स्वतःच वाकून बघितलं आणि "नको" म्हणाले. मी टाकी रिकामी करायची गोष्ट काढली तर जवळजवळ ओरडले. ते बरोबर होते : भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. ग्राइंडरही त्याच कारणानं बाद. ठिणग्या सरळ टाकीच्या दिशेनं उडाल्या असत्या. इंटरनेटवर ॲसिटोन आणि गिअरचं तेल मिसळून घालतात म्हणून वाचलं होतं. ॲसिटोनही पेट घेतं, आणि मुळात आत जायला वाटच नाही.

बराच वेळ दोघंही गप्प. मग मामांनी विचारलं, "शॉकअप ठेवायचाय का हा?"

"नाही. नवा आणलाय."

"बुश?"

"नव्याबरोबर नवा आलाय."

"मग बोल्ट कशाला वाचवलालाव?"

दहा दिवस मी तो बोल्ट सोडवत होतो. सोडवायची गरजच नव्हती. बोल्ट नळीला चिकटलाय, कानांना नाही. डोळ्याच्या दोन्ही बाजूंनी कापला तर मधला तुकडा शॉकअपसकट खाली पडेल आणि उरलेले दोन तुकडे कानांतून हातानं निघतील. नवा बोल्ट भाजीच्या पिशवीपेक्षा स्वस्त.

१२ डिसेंबर

गंजगोलाईतून (लातूरच्या बाजारपेठेतून) हॅकसॉचे चार ब्लेड आणले, बायमेटल, इंचाला २४ दाते. बारीक दाते घ्यायचे, नाहीतर गोल बोल्टवर अडकून तुटतात. नवा बोल्ट : १२ चा, लांबी मोजून, डोक्यावर ८.८. म्हणजे तुटायची ताकद ८०० मेगापास्कल आणि कायमचा वाकायला लागण्याची त्याच्या ८० टक्के. दुकानदारानं आधी बिनआकड्याचा दिला होता. परत केला.

१४ डिसेंबर, रविवार

कापणी. (हरभऱ्याची अजून लांब आहे.)

हॅकसॉची कमान तिथं शिरतच नाही. म्हणून नुसतं ब्लेड, एका टोकाला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळून मूठ केली. दाते पुढच्या बाजूला. नळी कानाला चिकटून बसली होती. नट काढलेला असल्यानं छिन्नीची धार मधे घालून कान जरासा बाजूला सारला, पत्र्याएवढी फट झाली. ब्लेड आत गेलं.

पहिल्या पंधरा मिनिटांत घाई केली आणि एक ब्लेड तोडलं. त्यानंतर मामा शेजारी पाट टाकून बसले आणि त्यांनी लय लावून दिली : पूर्ण लांबी वापर, पुढं जाताना दाब, मागं येताना उचल, दर थोड्या वेळानं तेलाचा थेंब. मिनिटाला चाळीसच्या वर जायचं नाही. वेगानं घासलं की दाते तापून बोथट होतात. आधी नळीची कडा घासली गेली, तिचा आवाज पातळ. मग बोल्ट लागला आणि आवाज एकदम जाड झाला. कापलेल्या लोखंडाचा भुगा डोळ्यांवर येतो, चष्मा हवाच. माझा नेहमीचा चष्मा चालला नाही, मुलीचा पोहण्याचा लावला. त्याचे फोटो काढले गेलेत आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलेत.

मधे आईनं भाकरी आणि ठेचा बाहेरच आणून दिला. गाडीखालून हात बाहेर काढून खाल्लं.

पहिला काप एक तास दहा मिनिटं. ब्लेड पार गेलं तेव्हा डोळा किंचित खाली सरकला. त्या हलण्यासाठी मी दोन आठवडे थांबलो होतो.

दुसरा काप आज होणार नाही. हात थरथरतोय, उद्या फळ्यावर लिहायचंय.

१५ डिसेंबर

संध्याकाळी दुसरा काप, पन्नास मिनिटं. आतल्या बाजूला ब्रेकची नळी जवळ, म्हणून तिच्यावर लाकडाची फळी आडवी लावली. शॉकअप खाली पडला. डोक्याचा तुकडा बोटांनी निघाला. आट्यांकडचा एका टोल्यात.

१६ डिसेंबर

मधला तुकडा व्हाइसमधे धरून बघितला. मुद्दाम, उत्सुकता म्हणून, घन मारला. नळीतून बोल्ट आठव्या टोल्याला निघाला, तोही व्हाइसमधे, पाच किलोच्या घनानं. गाडीखाली वीतभर जागेत हातोडीनं तो कधीच निघाला नसता. अंगावरचा गंज पापुद्र्यांचा, काळपट-तांबडा, मधोमध सर्वात जाड.

ब्रॅकेट धुतला, कानांची भोकं गोल कानशीनं साफ केली, गंजावर प्रायमर. खरं तर रंगही हवा होता, पण वाळायला वेळ नाही.

१७ डिसेंबर

नवा शॉकअप बसवला. बोल्टच्या अंगाला, म्हणजे नळीत राहणाऱ्या भागाला, ग्रीसचा पातळ हात दिला. आट्यांना नाही. आटे ओले केले की त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

एक गोष्ट डाव्या बाजूला मी चुकीची केली होती, ती आज दुरुस्त केली. चाक हवेत लोंबकळत असताना खालचा बोल्ट पूर्ण आवळायचा नाही. आवळला की नळी कानांत त्याच कोनात घट्ट होते, मग गाडी खाली आली की बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. दोन्ही बोल्ट हातानं लावले, चाकं चढवली, गाडी जमिनीवर घेतली, मागच्या सीटवर आई आणि मुलीला बसवलं, आणि मग खाली शिरून दोन्हीकडं आवळलं. आई विचारत होती, "आम्ही बसून काय करायचंय?" नुसतं बसायचं होतं. व्हाइटनरच्या रेघा नट आणि कानावर.

१९ डिसेंबर, वेळ अमावस्या

पहाटे निघालो. पाच माणसं, आणि मागं मामा-मामी, म्हणजे सात. हे ठरलेलं नव्हतं. बिंदगी मामींच्या मांडीत. औशाच्या पुढच्या कच्च्या रस्त्यावर गाडी एकदा दबते आणि थांबते. आंबिल सांडलं नाही. शेतातल्या कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी झाली. दुपारी मामा गाडीखाली वाकून बघताना दिसले. मी विचारलं नाही.

२१ डिसेंबर

परतल्यावर बघितलं. साधारण साठ किलोमीटर, अर्धे कच्चे. चारही रेघा जागेवर, तेल गळत नाही. दोन्ही ब्रॅकेट पाइपानं खालून धुतले.

पुढच्या डाव्या आर्मचा (चाक धरणाऱ्या दांड्याचा) बोल्टही तसाच मातीत दिसतोय. माती काढली, व्हाइटनरची रेघ आत्ताच मारून ठेवली.